पाळीव प्राण्यांच्या सहवासातील श्वासरुग्णाचे घर

मृग नक्षत्र लागले की सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत पाऊस जे ठाण मांडतो, ते तीन-चार महिने हलत नाही. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील घरे ओलीने भरून जातात, अंथरुणे वाळत नाहीत आणि एरवी अंगणात राहणारी जनावरे घराच्या आश्रयाला येतात. पडवीत शेळ्या, चुलीपाशी मांजर, उंबऱ्याच्या आत कुत्रा. याच काळात आपल्याकडे प्रतिश्याय, कास व तमकश्वास यांचे रुग्ण वाढतात. प्राण्याच्या सान्निध्याने त्रास होतो असे आढळले की ‘मांजर सोडून द्या’ असा सल्ला देऊन आपण मोकळे होतो. हा सल्ला बहुधा पाळला जात नाही. ज्या कुटुंबाची सारी शिल्लक म्हणजे दोन शेळ्या, त्याने त्या कोठे सोडाव्यात? जे बालक मांजराला कुशीत घेऊन झोपते, त्याची समजूत कशी घालावी? निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र खरे; परंतु ते आचरता येईल अशा रूपात सांगणे हेही वैद्याचेच काम आहे.

हेतूचे स्वरूप

प्राण्याचा केस हा मुख्य हेतू नव्हे. त्वचेचा सूक्ष्म कोंडा, लाळ आणि मूत्र यांतील प्रथिने ॲलर्जी उत्पन्न करतात. मांजर सतत अंग चाटते. लाळ केसांवर वाळते आणि तिचे अतिसूक्ष्म कण तासन्‌तास हवेत तरंगतात, गाद्यांत व कपड्यांत मुरतात. मांजर घरातून गेल्यावरही हा अंश पुरेसा कमी होण्यास चार ते सहा महिने लागू शकतात. म्हणून ‘मांजर देऊन महिना झाला, गुण नाही’ असे रुग्ण सांगू लागल्यास निदान चुकले असे लगेच मानू नये. अमुक जातीच्या कुत्र्याने ॲलर्जी होत नाही, हा समजही निराधार आहे.

दुसरी बाजूही पाहावी. हवेतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की गाद्यांतील धूलिकीटक वाढतात आणि ओल्या भिंतींवर बुरशी धरते. आपल्या भागात पावसाळाभर हीच स्थिती असते. त्यात चुलीचा धूर. तेव्हा प्राण्याला दोषी ठरविण्यापूर्वी विचारावे: त्याला स्पर्श करताच शिंका वा कंडू येतात काय? परगावी गेल्यावर बरे वाटते काय? त्रास केवळ पावसाळ्यातच होतो काय?

संहितेतील मार्गदर्शन

चरकाचार्यांनी हिक्का-श्वासाच्या हेतूंत धूळ, धूर व वारा यांची गणना केली आहे. शारीरस्थानात कुमारागाराचे वर्णन करताना ते म्हणतात की ती जागा वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित, तरी एका बाजूने हवेशीर असावी. तेथे श्वापदे, पशू, उंदीर व कीटक यांचा शिरकाव नसावा. घाम, मळ, जंतू वा मलमूत्र यांनी दूषित झालेली अंथरुणे टाकावीत. दुसरी नसतील तर तीच नीट धुऊन, धूपवून, कोरडी करून वापरावीत. येथे उद्देश ॲलर्जीचा नसून बालकाच्या रक्षणाचा आहे. तरीही साधनांच्या अभावी काय करावे, याचा विचार आचार्यांनी केला होता, हे लक्षात घ्यावे.

प्रत्यक्ष आचार

सर्व घर प्राणिमुक्त करता येत नसेल, तर निदान झोपण्याची जागा करावी. दिवसाचा तिसरा हिस्सा मनुष्य तेथे घालवतो. एकच खोली असेल तर रुग्णाची बाज गोठ्यापासून व चुलीपासून दूरच्या कोपऱ्यात, हवेच्या वाटेवर ठेवावी. चादरी, अभ्रे व गोधड्या आठवड्यातून एकदा सुमारे ६० अंश तापमानाच्या कढत पाण्यात धुवाव्यात. पाऊस उघडताच गाद्या कडक उन्हात घालाव्यात. कोरड्या केरसुणीने धूळ बसत नाही, उडते. म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी, आणि हे काम रुग्णाने करू नये. सारवलेली जमीन भेगाळून तिची धूळ होऊ लागण्यापूर्वीच पुन्हा सारवावी.

कुत्र्याला स्नान घातल्याचा परिणाम तीन-चार दिवसांतच ओसरतो, म्हणून ते आठवड्यातून दोनदा घालावे. प्राण्याचे अंग विंचरणे घराबाहेर, निरोगी व्यक्तीने करावे. फिनेलने पुसलेल्या जमिनीवरून चाललेले मांजर पंजे चाटते व त्यास विषबाधा होऊ शकते. कापूरही त्याला घातक आहे. साबणाचे पाणी पुरेसे होते.

माथेरानचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. कर्जत तालुक्यातील या वाहनबंदीच्या गिरिस्थानी घोडा हा अनेकांच्या उपजीविकेचा आधार आहे. घोड्याचा कोंडा अंगावरील कपड्यांतून घरी येतो. अशा घरातील श्वासरुग्णासाठी एकच नियम पुष्कळ काम करतो: खरारा करताना व फेरीला नेसलेले कपडे बाहेरच उतरवावेत, हातपाय धुऊन मगच आत यावे. शेळ्या राखणाऱ्यांनाही तोच नियम लागू आहे.

धूपनाविषयी सावधानता

कश्यपसंहितेत धूपकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आपण सर्वच गुग्गुळ, निंब, सर्षप यांच्या धूपनाचा सल्ला देतो. परंतु धूर हा श्वासाचा हेतूही आहे. धूपनाने प्राण्यांची प्रथिने नष्ट होतात, असे समजू नये. वस्त्रे धूपवायची असल्यास रुग्ण व प्राणी दोघेही बाहेर असताना, आधी धुऊन मगच धूपवावीत, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच रुग्णास आत घ्यावे.

अखेर एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. हे उपाय वेग टाळण्यासाठी आहेत, वेग आल्यावर त्यांचा आधार पुरत नाही. रुग्णाचे श्वासमार्गी औषध आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये. बोलता न येणे, ओठ निळसर होणे, बालकाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे ही लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. मुसळधार पावसात वाडीवरून रस्त्यापर्यंत पोहोचण्यासच वेळ लागतो. म्हणून रात्री कोणत्या वाहनाने न्यायचे, हेही पावसाळ्यापूर्वीच कुटुंबाशी बोलून ठेवावे. मांजर घरात राहिले तरी चालेल. ही तयारी राहून चालणार नाही.