सात दिवस, चार बेटे : रजेचे आणि भरतीचे गणित

आठवडाभराच्या सहलीचा विषय काढला की आपल्या वस्तीतील घरांतून ठरलेली उत्तरे येतात. "रजा कुठे आहे?" "पैसा कुठे आहे?" तिसरा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही, पण मनात असतो. "तिकडे आपल्याला विचारणार कोण?" चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला आपण जातो ते अभिवादनासाठी. गावी जातो ते लग्नाला नाहीतर मयताला. नुसत्या विश्रांतीसाठी, मुलाबाळांसह चार दिवस समुद्रावर जावे, हे आपल्या घरात सहसा कोणी बोलत नाही. आमच्या मते ते बोलले पाहिजे आणि नीट हिशोब मांडून केलेही पाहिजे.

रजा ही मेहेरबानी नव्हे

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातील कामगाराला पगारी सुट्टी मिळावी यासाठीचे विधेयक त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्यातून १९४५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळू लागली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा हा हिशोब घालून दिला. ही रजा शरीराला आणि मनाला विसावा मिळावा म्हणून आहे. पण आपले बरेच बांधव ती विकून पैसे घेतात किंवा एकेक दिवस करून खर्चून टाकतात. वर्षातून सहा दिवस सलग घेतले आणि एक रविवार जोडला की आठवडा होतो. अर्ज दोन महिने आधी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

प्रवासाचा आराखडा

पूर्वी मुंबईहून कोकणातील बंदरांना आगबोटी सुटत. गिरण्यांत कामाला आलेल्या कितीतरी कोकणी कुटुंबांनी मुंबई प्रथम पाहिली ती बोटीच्या डेकवरून. आता सबंध किनारा एकाच बोटीने करण्याचा आग्रह नको. लाँच, शिडाची होडी, फेरीबोट आणि मधल्या टप्प्यांत एस.टी., असे तुकडे जोडत गेले तर सात दिवसांत चार बेटे होतात.

पहिला दिवस घारापुरीचा. गेटवेहून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी पाहावे. बहुतेक लोक मोठे लेणे पाहून परततात. पण बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, याची आठवण मुलांना जरूर करून द्यावी. समुद्राखालून केबल टाकून या बेटावर कायमची वीज पोहोचली ती २०१८ साली. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना तेथील गावकरी इतकी वर्षे अंधारात होते. रात्री मुंबईतच घरी किंवा नातेवाइकांकडे राहावे.

दुसऱ्या दिवशी गेटवेहून लाँचने मांडवा आणि तेथून बसने अलिबाग. अनेक लाँचच्या तिकिटातच बसचे भाडे धरलेले असते, तिकीट काढताना विचारून घ्यावे. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट होतो आणि पुऱ्या ओहोटीला चालत गाठता येतो.

तिसऱ्या दिवशी एस.टी.ने मुरूड. जवळच्या राजपुरी गावातून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. इंजिनाचा आवाज नसतो. वाऱ्याने शीड फुगते आणि होडी एका अंगाला कलते, तेव्हा मुले घाबरतात आणि लगेच हसतातही. सिद्दींचा हा किल्ला सुमारे बावीस एकरांचा असून आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. याच राजपुरीच्या खाडीवर, थोडे आत, कुडा येथे सव्वीस बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी, वैद्य आणि लोखंडाचा व्यापारी यांचा उल्लेख येतो. ही लेणी एकट्या राजेरजवाड्यांनी उभारली नाहीत, कष्टकऱ्यांचा पैसाही त्यांत आहे. दुपार मोकळी असेल तर रिक्षा ठरवून जावे.

चौथ्या दिवशी आगरदांडा ते दिघी फेरीबोट आणि पुढे एस.टी.ने श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर. हा दिवस मुद्दाम हलका ठेवावा. कपडे वाळवावेत, मुलांना वाळूत खेळू द्यावे.

पाचव्या दिवशी बागमांडला ते वेश्वी फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडावी. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हे सावित्री नदीचे मुख आहे. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी याच नदीवरील दासगाव बंदरात उतरले. धरमतरचा मार्ग जवळचा होता. पण बसवाल्यांनी बहिष्कार घातला तर काय, हा विचार करून बोटीचा मार्ग निवडला गेला. दासगावहून ते महाडला चालत गेले आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. फेरीबोटीवर उभे राहून ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती त्यांना जन्मभर लक्षात राहील. पलीकडे मंडणगड तालुका लागतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. तेथे जाऊन संध्याकाळी दापोलीला मुक्काम करावा.

सहाव्या दिवशी हर्णै. बंदरातून होडीने सुवर्णदुर्ग गाठता येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा एक आहे. परतल्यावर बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहावा.

सातव्या दिवशी सकाळी पन्हाळेकाजीची एकोणतीस लेणी पाहावीत. त्यांतील सर्वांत जुनी लेणी बौद्ध आहेत. तेथे वाहने कमी जातात, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून रिक्षा किंवा जीप करणे परवडते. तेथून दापोलीमार्गे खेड स्टेशन आणि रेल्वेने घर.

भरतीचे गणित

या प्रवासात रेल्वेच्या वेळापत्रकाइतकेच भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि वेळ रोज पाऊण तासाच्या सुमाराने पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक सोपा हिशोब करतात. तिथीची पाऊणपट करावी, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ वाजता भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. म्हणून कुलाबा किल्ल्याचा दिवस द्वादशी-त्रयोदशीला येईल असा बेत आखावा. अष्टमीच्या आसपास पाणी फारसे हटत नाही, तेव्हा चालत जाण्याचा भरवसा नसतो. हा हिशोब अंदाजाचा आहे. पाण्यात पाय घालण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारावेच, आणि पाणी वळले असे त्याने सांगताच किल्ल्यातून निघावे.

जिवाशी खेळ नको

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक जणांचा जीव गेला. म्हणून काही नियम घरातील प्रत्येकाने पाळावेत.

पावसाळ्यात हा बेत करू नये. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बहुतेक प्रवासी होड्या बंदच असतात. दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळ उठू शकते, तेव्हा हवामान खात्याचा इशारा ऐकावा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर पैसे गेले तरी चालतील, होडीत बसू नये.

लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद बांधूनच बसावे. मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर ते मागावे. "काही होत नाही" असे उत्तर मिळाले तर ती होडी सोडावी. जास्त माणसे कोंबलेल्या होडीत चढू नये. दुपारनंतर वारा वाढतो, म्हणून किल्ल्याची फेरी सकाळी करावी. किल्ल्याच्या पायरीवर उतरताना नावाडी सांगेल तेव्हाच पाय टाकावा. भगिनींनी साडी वर खोचून घ्यावी किंवा पंजाबी ड्रेस घालावा. ज्यांना बोट लागते त्यांनी भरपेट खाऊ नये, होडीच्या मध्यभागी बसावे आणि नजर दूर क्षितिजाकडे ठेवावी.

पैशाचा हिशोब

वर्षभर आधी सुरुवात केली तर हे जमते. घरात चार माणसे असतील आणि दर पगाराला दीड हजार रुपये पोस्टात टाकले, तर वर्षाला अठरा हजार आणि वर थोडे व्याज होते. त्यातले सहा मुक्कामांना, पाच जेवणाला, चार प्रवास आणि होड्यांना अशी वाटणी करावी आणि तीन हजार अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावेत. जमा कमी झाली तर बेत लहान करावा, कर्ज काढू नये. घारापुरी, अलिबाग आणि जंजिरा एवढेच केले तरी तीन-चार दिवसांत होते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. ज्येष्ठ नागरिकांनाही सवलत आहे, ओळखपत्र जवळ ठेवावे. होडीचे भाडे चढण्यापूर्वी ठरवावे, आणि ते जाऊन-येऊन आहे की नाही तेही विचारावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पैसे वाचवायचे म्हणून स्टोव्ह आणि भांडी बरोबर नेऊन घरच्या बाईला सातही दिवस रांधायला लावू नये. तशाने सुट्टी बाकीच्यांची होते, तिची होत नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा पहिल्या दोन दिवसांपुरते न्यावे. पुढे खानावळीत बसून तिलाही कोणीतरी वाढू द्यावे.

आडनाव विचारले तर

घरगुती मुक्काम ठरवताना काही ठिकाणी अजूनही आडनाव आणि गाव खोदून विचारतात. खरे उत्तर द्यावे, लपवू नये. संविधानाच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहे, दुकाने, पाणवठे, रस्ते यांच्या बाबतीत धर्म, जात, लिंग यावरून आडकाठी करण्यास मनाई केली आहे. कोणी नकार दिला तर वेळ, ठिकाण आणि साक्षीदार टिपून घ्यावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. मात्र मुलांच्या सहलीवर या गोष्टीचे सावट नको, म्हणून पहिल्या दोन मुक्कामांची खोली आधीच ठरवावी आणि आगाऊ रकमेची पावती घ्यावी. हरिहरेश्वरला पर्यटन महामंडळाचे निवासही आहे. अनेक ठिकाणी चांगली, साधी माणसे भेटतात, हेही तितकेच खरे.

या रविवारी विहारातून परतल्यावर घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. भिंतीवरची दिनदर्शिका काढावी, रजेचे सहा दिवस आणि द्वादशी एकत्र कोठे येते ते पाहावे आणि त्या तारखांवर पेन्सिलीने खूण करावी. पोस्टातले खाते त्याच आठवड्यात उघडावे.