घराच्या बदल्यात घर. कर मात्र पुढच्या तारखेला

अमेरिकेत भाड्याने दिलेले घर विकून भाड्यासाठीच दुसरे घर घेणाऱ्याला विक्रीतील नफ्यावर लगेच कर भरावा लागतोच, असे नाही. तेथील अंतर्गत महसूल संहितेच्या कलम १०३१ नुसार हा कर लांबणीवर टाकता येतो. या सवलतीचे मूळ १९२१च्या कायद्यात आहे. २०१८ पासून ती केवळ स्थावर मालमत्तेपुरती उरली आहे. मात्र ही करमाफी नव्हे, ही मुदतवाढ आहे. हा फरक ध्यानात न घेता व्यवहार केल्यास पश्चात्तापाची वेळ येऊ शकते.

उदाहरणार्थ, ३ लाख डॉलरला घेतलेल्या घरावर काही वर्षांत ८० हजार डॉलरचा घसारा वजा झाला. कराच्या हिशेबी त्याची किंमत २ लाख २० हजार उरली. ते ५ लाखांना विकल्यास, विक्रीखर्च वगळता, नफा २ लाख ८० हजारांचा होतो. त्यापैकी घसाऱ्याच्या ८० हजारांवर कमाल २५ टक्के आणि उरलेल्या २ लाखांवर बहुतेकांना १५ टक्के केंद्रीय कर लागतो. म्हणजे सुमारे ५० हजार डॉलर हातचे जातात. शिवाय बहुतेक राज्यांचा कर वेगळा. विनिमयाचा मार्ग धरल्यास हे ५० हजार नव्या घरात गुंतून राहतात आणि त्यांवरही भाडे मिळते. एका घराऐवजी दोन लहान घरे किंवा चार बिऱ्हाडांची इमारत घेतली, तरी चालते.

दोन मुदती, एक मध्यस्थ

विक्रीची रक्कम मालकाच्या हाती पडली, की सवलत संपते. म्हणून विक्रीपूर्वीच पात्र मध्यस्थ नेमावा लागतो. पैसे त्याच्याकडे राहतात आणि नव्या घराच्या खरेदीसाठी तोच ते देतो. मालकाचा नेहमीचा वकील, हिशेबनीस वा दलाल यांना हे काम करता येत नाही. मध्यस्थाची निवडही डोळ्यांत तेल घालून करावी. २००८च्या मंदीत अशी एक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले.

विक्रीच्या दिवसापासून दोन मुदती एकाच वेळी सुरू होतात. ४५ दिवसांत पर्यायी मालमत्ता लेखी कळवावी लागते. किंमत कितीही असली, तरी तीन मालमत्तांची नावे देता येतात. १८० दिवसांत किंवा विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, खरेदी पूर्ण व्हावी लागते. त्यामुळे वर्षाच्या अखेरीस घर विकणाऱ्याने विवरणपत्रासाठी मुदतवाढ मागितली नाही, तर त्याचे १८० दिवस एप्रिलच्या मध्यातच संपतात.

काय बसते, काय नाही

विक्रीच्या रकमेतून काही रोख काढून घेतली, तर तेवढ्या नफ्यावर कर लागतो. जुने कर्ज फेडून नवे कमी घेतले आणि ती तूट रोखीने भरली नाही, तरीही तेच होते. स्वतः राहण्याचे घर या सवलतीत बसत नाही. विकणारा आणि घेणारा करदाताही एकच असावा लागतो.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. न्यू जर्सीतील भाड्याचे घर विकून पुण्यात सदनिका घेतली, तर ही सवलत मिळत नाही. अमेरिकेतील आणि अमेरिकेबाहेरील मालमत्ता या कलमाखाली एकसारख्या मानल्या जात नाहीत.

जुना हिशेब नव्या घरासोबत येतो. वरील उदाहरणात ५ लाखांचे नवे घर घेतले, तरी कराच्या हिशेबी त्याची किंमत २ लाख २० हजारच राहते. त्यामुळे पुढे घसाराही कमी मिळतो. पुढे ते विनिमयाविना विकले, की साचलेला कर एकरकमी समोर उभा राहतो. मालकाच्या निधनानंतर मात्र वारसांसाठी त्या दिवसाचा बाजारभाव हीच मूळ किंमत धरली जाते आणि तोवरच्या नफ्यावरील कर गळून पडतो.

खरा धोका असतो तो घाईचा. ४५ दिवसांची मुदत टळू नये म्हणून चढ्या भावाने घेतलेले, भाडेकरू न मिळणारे घर वाचलेल्या करापेक्षा कितीतरी अधिक नुकसान करू शकते. म्हणून घर विकायला काढण्यापूर्वीच नव्या घराचा शोध सुरू करावा आणि करसल्लागाराशी बोलावे.