पंचवीस टक्क्यांची पोटगी कुठून आली?

घटस्फोट झाला की नवऱ्याच्या पगाराचा चौथा हिस्सा बायकोला जातो, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. कायद्याच्या कुठल्याही कलमात हा आकडा नाही. तो रूढ झाला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधल्या एका निकालातून. पश्चिम बंगालमधल्या त्या प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानता येईल, असं न्यायालय म्हणालं. पण नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं, त्या संसारात मूलही होतं. ते पाहून उच्च न्यायालयाने ठरवलेली महिना २३ हजारांची पोटगी त्याच निकालाने २० हजारांवर आणली. म्हणजे ज्या निकालाचा दाखला देऊन टक्केवारी सांगितली जाते, त्यानेच परिस्थिती बघून हात आखडला. हा उत्तरार्ध मात्र सहसा कुणी सांगत नाही.

न्यायालय तोलतं ते मागणाऱ्याची गरज आणि देणाऱ्याची ऐपत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २५ दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि इतर परिस्थिती पाहायला सांगतं. त्यात ‘वागणूक’ आहे म्हणून पोटगी हा संसार मोडल्याचा दंड ठरत नाही. कायमस्वरूपी पोटगीने नवऱ्याला शिक्षा होऊ नये, पण बायकोला सन्मानाने राहता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्येही सांगितलं. खरी झटापट होते ती उत्पन्नाच्या पुराव्यावर. पगारदाराचं पगारपत्रक तरी असतं. रोखीवर चालणारं दुकान, ठेकेदारी, भावाच्या नावावरची शेती यांचा हिशोब कुठून काढायचा? मागणारा खर्च फुगवतो, देणारा कमाई दडवतो, हे न्यायालयांना पाठ झालेलं आहे. म्हणूनच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र बंधनकारक केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही ठरवलं. धडधाकट माणसाने नोकरी सोडून ‘माझ्याकडे काही नाही’ म्हटलं, तर ते सहजी मानलं जात नाही.

बायको कमावती असेल तर तिला काहीच मिळत नाही, हा समजही असाच अर्धवट. तिची कमाई हिशोबात धरली जाते. ती पुरेशी असेल तर अर्ज फेटाळलाही जातो. पण दहा-पंधरा हजारांच्या नोकरीवर लग्नातल्या राहणीमानाच्या जवळपासही जाता येत नसेल, तर केवळ ती नोकरी आड येत नाही. उलट हक्क फक्त बायकोचाच, हेही सर्वत्र खरं नाही. हिंदू विवाह कायद्यात पतीही पोटगी मागू शकतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, शिक्षिका असलेल्या पत्नीने घटस्फोटित पतीला महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. विशेष विवाह कायद्यात मात्र ही मुभा पत्नीपुरतीच आहे. आणि बायकोला निम्मी संपत्ती मिळते असं म्हणाल, तर पोटगी म्हणजे वाटणी नव्हे. विभक्त झाल्यावर नवरा पुढे कितीही श्रीमंत झाला, तरी पत्नीला त्याच्या बरोबरीने आणून बसवणं हा पोटगीचा हेतू नाही, असं २०२४ च्याच आणखी एका निकालात आलं. वेगळा करार नसेल तर पतिपत्नींचा मालमत्तेवर निम्मा-निम्मा हक्क मानणारी व्यवस्था गोव्यात आहे. तो तिथल्या मालमत्ता-कायद्याचा भाग आहे, पोटगीचा नाही.

यावर आक्षेप येतो आणि तो हलका नाही: सूत्र नसेल तर सारख्या परिस्थितीतल्या दोघींना वेगवेगळी रक्कम मिळणार, आणि वकील परवडणाराच जिंकणार. विसंगती आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ठरावीक टक्केवारी आणली तर फायदा कुणाचा? ज्याचं उत्पन्न कागदावर कमी दिसतं त्याचा. सूत्र दाखवलेल्या रकमेवर चालेल, दडवलेल्या रकमेवर नाही; शिवाय आजारी मूल, म्हातारे आईवडील किंवा घरासाठी सोडलेली नोकरी त्यात कुठे बसवायची? मला तरी उपाय शपथपत्राच्या कडक छाननीतच दिसतो. खोटं शपथपत्र दिल्याबद्दल कारवाई होऊ शकते. तिचा वापर वाढला तर निकालांमधली तफावतही कमी होईल. ठरलेली रक्कम कायमची नसतेच. परिस्थिती बदलली तर ती वाढवून किंवा कमी करून मागता येते, आणि पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केला तर ती रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो.