घरच्या घरीं गिटार-मुद्रण : आवाज कोठें बिघडतो?

विजेची गिटार आतां आपल्याकडील अनेक तरुणांच्या हातीं रुळली आहे, आणि ध्वनिमुद्रणाचीं साधनेंही पूर्वीसारखीं मोठ्या स्टुडिओंत कोंडलेलीं राहिलीं नाहींत. अॅम्प्लिफायर, मायक्रोफोन, संगणक आणि त्या दोहोंना जोडणारी एक लहानशी मुद्रणपेटी एवढ्या सामग्रीवर निजण्याच्या खोलींतही वादन टिपतां येतें. कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेंतील विख्यात गिटारवादक लेस पॉल यानें १९४० नंतरच्या दशकांत हॉलिवूड येथील आपल्या घराच्या मोटारखान्यांत मुद्रणशाळा थाटली होती.

परंतु साधनें हातीं आलीं म्हणजे आवाजही हातीं आला, असें होत नाहीं. वाजवितांना भरदार वाटलेला आवाज मुद्रणांत किरटा, पोकळ किंवा गुणगुणीनें भरलेला निघतो. मग नवा मायक्रोफोन आणावा, नवी वायर आणावी, असा खर्चाचा मार्ग सुचूं लागतो. माझें सांगणें एवढेंच कीं, दोषाची जागा ठरविल्यावांचून उपायास हात घालूं नये. गिटार, तिची वायर, अॅम्प्लिफायर, स्पीकर, खोली, मायक्रोफोन आणि मुद्रणपेटी अशी ही साखळी आहे. तींतील कच्ची कडी शोधावयाची तर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि फरक काय पडला तें ऐकावें.

पहिली तक्रार गुणगुणीची. आपल्या घरांतील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आंदोलनें करतो. हा खर्ज आणि त्याच्या पटींतील सूर मिळून ती घूंघूं ऐकूं येते. प्रथम गिटारची वायर अॅम्प्लिफायरमधून काढून पाहावी. गुणगुण कायम राहिली तर दोष अॅम्प्लिफायरचा किंवा विजेच्या जोडणीचा. थांबली तर ती गिटारच्या किंवा वायरच्या बाजूनें येत होती. मग वायर पुन्हा जोडून, गिटार गळ्यांत घेऊन, स्वतःभोंवतीं सावकाश फिरावें. एखाद्या दिशेस गुणगुण कमी होत असेल, तर ती पिकपमध्यें, म्हणजे तारांखालच्या चुंबकावरील वेटोळ्यांत, बाहेरून शिरत आहे असें समजावें. एकेरी वेटोळ्याच्या पिकपला हा उपद्रव फार. म्हणूनच गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें उलटसुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकप तयार केला आणि १९५५ सालीं त्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. त्यांत एका वेटोळ्यानें पकडलेली गुणगुण दुसरें खोडून काढतें. तशी गिटार नसेल तर अॅम्प्लिफायर व संगणक यांपासून दोन-चार हात दूर बसावें, आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर व मंद करतां येणारे दिवे बंद करून पाहावे.

अॅम्प्लिफायरमधून एखादी वायर थेट मुद्रणपेटीकडे नेली असतां गुणगुण सुरू झाली, तर अर्थिंगला दोन वाटा मिळून त्यांचें वर्तुळ बनलें, असा संशय घ्यावा. दोन्ही यंत्रांना वीज एकाच बोर्डावरून द्यावी. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. एवढ्यानें न भागल्यास मध्यें योग्य तें विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावें.

येथें कांहीं लोक एक घातक उपाय सांगतात : प्लगची तिसरी पिन काढून टाका, गुणगुण जाईल. ती जाईलही, परंतु तीबरोबर वादकाचें संरक्षणही जाईल. गिटारच्या तारा वायरीच्या द्वारें अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. आंतल्या बिघाडानें त्या सांगाड्यांत वीज उतरली तर अर्थिंग तिला जमिनीकडे नेतें आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर तीच वीज तारा धरणाऱ्या हातांत येते. यार्डबर्ड्स या इंग्रजी वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ हा १९७६ सालीं आपल्या घरींच गिटार वाजवीत असतां विजेच्या धक्क्यानें मरण पावला. उपकरणाचें अर्थिंग धड नव्हतें. त्याआधीं १९७२ सालीं वेल्समधील स्वान्सी येथें गिटारवादक लेस हार्वे यास भर रंगमंचावर मायक्रोफोनला स्पर्श होतांच असाच मृत्यु आला. तेव्हां पिन काढूं नये. उलट भिंतींतील अर्थिंग खरोखर आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें. काचेच्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्यें तर प्लग काढल्यावरही शेंकडों व्होल्ट सांठून राहूं शकतात. तो घरीं उघडूं नये.

दुसरी तक्रार खडखडीची. सतारीवर एक सूर छेडला असतां त्या सुराला लावलेली तरफ आपोआप बोलते, हें आपण जाणतांच. त्याच न्यायानें गिटारच्या एखाद्या सुरावर फळीवरचीं स्टीलचीं भांडीं किंवा खिडकीची कांच बोलूं लागते. जाड तारेपासून एकेक पडदा चढत जावें. खडखड एकाच सुराला होत असेल तर त्या सुरावर थांबून, सोबत्यानें खोलींतील वस्तूंवर हात ठेवीत जावें. चोर लवकर सांपडतो. प्रत्येक सुराला खरखर येत असेल तर स्पीकरचा कागद फाटला आहे काय, तें पाहावें.

तिसरी तक्रार आवाजाच्या जातीची, आणि तिचें मूळ बहुधा मायक्रोफोनच्या जागेंत असतें. स्पीकरचे तीव्र सूर समोर सरळ रेषेंत जातात, आणि वादक उभा असल्यानें ते त्याच्या गुडघ्यांवर आदळतात. मायक्रोफोन मात्र नेमका मध्यावर असल्यास ते सर्व टिपतो. म्हणून आवाज कर्कश वाटल्यास मायक्रोफोन स्पीकरच्या कडेकडे सरकवावा. एकाच दिशेचें ऐकणारा मायक्रोफोन फार जवळ नेला कीं खर्ज फुगतो. आवाज घुमट वाटल्यास थोडा मागें घ्यावा. एकानें वाजवावें, दुसऱ्यानें शेजारच्या खोलींत हेडफोन लावून ऐकावें, आणि जागा दोन-दोन बोटांनींच बदलावी.

आवाज पोकळ वाटत असेल तर खोलीकडे वळावें. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. जमिनीवरून उसळून येणारा ध्वनि सरळ येणाऱ्यापेक्षां ३४ सेंटिमीटर अधिक चालून आला, तर तो सेकंदाचा हजारावा भाग उशिरा पोहोंचतो. मग सेकंदास ५००, १५००, २५०० आंदोलनांच्या सुरांपाशीं दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि तेवढे सूर दुबळे पडतात. उपाय खर्चाचा नाहीं : अॅम्प्लिफायर स्टुलावर चढवावा, खालीं गोधडी किंवा गादी पसरावी आणि मायक्रोफोन स्पीकरच्या जवळ ठेवावा.

चौथी गोष्ट मात्रेची. मुद्रणपेटीची मात्रा कमी केल्यावर फाटका आवाज स्वच्छ झाला, तर दोष पेटीवरील अतिभाराचा. सर्वांत जोराचा आघातही शून्याखालीं १२ डेसिबलांच्या आसपास राहील अशी मात्रा ठेवावी. फाटका आवाज तसाच राहिला तर मात्र मागें, अॅम्प्लिफायरकडे, जावें.

शेवटीं कानाविषयीं. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान झाला म्हणजे खर्ज कानाला विशेष कमी भासतो. खोली दणाणून सोडणारें वादन नंतर हलक्या आवाजांत ऐकलें तर तें किरटें वाटणारच. त्यांत यंत्राचा दोष नाहीं. म्हणून दोन मुद्रणांची तुलना सारख्याच मोठेपणावर करावी.

प्रत्येक प्रयोगानंतर मायक्रोफोनची जागा, मात्रा आणि ऐकूं आलेला फरक एका वहींत टिपून ठेवावा. चार-सहा पानें भरलीं म्हणजे आपल्या खोलीचा स्वभाव आपणांस कळूं लागेल, आणि बाजारांत जाण्यापूर्वीं नेमकें काय आणावयाचें, किंवा कांहींच आणावयाचें नाहीं, हेंही तीच वही सांगेल.