दारू सुटताना येणारी आकडी

बियाण्याचा वाण म्हणजे काय, हे जालन्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली, तेव्हापासून हवे ते झाड निवडून वाण कसा घडवतात हे या गावाने जवळून पाहिले आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत संशोधक जॉन क्रॅब यांनी हीच रीत उंदरांवर वापरली. उंदीर तीन दिवस दारूच्या वाफेत ठेवायचे, मग वाफ बंद करायची. काही तासांनी एकेकाला शेपटीने उचलून अलगद फिरवायचे. कुणाचा चेहरा नुसता आक्रसायचा, कुणाला हातातच आकडी यायची. दोघांचे वंश वेगळे वाढवले. पुढे दोन वाणच तयार झाले. रक्तात दारू सारखीच, पण एकाला जबर झटके आणि दुसऱ्याला जवळजवळ नाहीतच!

मेंदूत ‘गाबा’ हे रसायन कासऱ्याचे काम करते, ‘ग्लुटामेट’ पुढे ओढणाऱ्या बैलांचे. दारू रोज कासरा आवळते. मेंदूही हट्टी, तो बैलांचे बळ वाढवतो आणि कासरा सैल करतो. अशात दारू एकदम थांबली की बैल उधळतात. सकाळी चहाची कपबशी हातात खडखडते, घाम फुटतो आणि साधारण 6 ते 48 तासांत काहींना आकडी येते.

काहींनाच का? 2002 मध्ये कारी बक यांच्या गटाने उंदरांच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या ‘एमपीडीझेड’ जनुकाकडे बोट दाखवले. माणसात गुंता मोठा आहे. डोपामिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाशी काही अभ्यासांत संबंध दिसला, पण सगळा दोष एकाच जनुकावर टाकता येत नाही. शिवाय दारू किती वर्षे, किती प्यायली आणि किती वेळा सोडून पुन्हा धरली, याचाही हिशेब असतो. दर खेपेला मेंदू जास्त चवताळतो.

म्हणून ‘मनाचा कच्चा’ हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. आकडी आली की घरचे कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, नाहीतर घाबरून पुन्हा घोटभर पाजतात. खरे तर बेन्झोडायझेपिन गटाची औषधे तोच कासरा काही दिवस धरून ठेवतात. सोबत थायमिन हे जीवनसत्त्व देतात. मात्र रोज पिणाऱ्याने दारू सोडण्याआधीच दवाखाना गाठायला हवा. तिथे डॉक्टर विचारतात, “मागे सोडली होती तेव्हा झटका आला होता का?” पुढच्या धोक्याचा सर्वांत मोठा सुगावा या उत्तरात असतो, आणि नेमके तेच शरमेने गिळले जाते.