तपकिरी झालेला साग मेलेला नसतो

सप्टेंबर सरत आला की रामटेकच्या पुढे, देवलापारच्या बाजूला सागाचं जंगल होरपळल्यासारखं दिसू लागतं. हिरवा रंग जातो, पानांची नुसती जाळी उरते. सागाला रोग लागला, जंगल गेलं, असं बघणारा सहज बोलून जातो. नागपूरच्या लकडगंजमधल्या आरागिरण्या ज्या झाडावर उभ्या राहिल्या आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी ज्याचं लाकूड नागपुरातून गेलं, त्याच्याबद्दल असं बोलण्यापूर्वी पान हातात घेऊन नीट पाहायला हवं.

शिरा शाबूत आणि मधला हिरवा गर तेवढा फस्त, अशी जाळी दिसली तर ते काम युटेक्टोना मॅकेरॅलिस या लहानशा पिवळसर पतंगाच्या अळीचं. तिची मोठी धाड पावसाळ्याच्या उत्तरार्धात पडते. तोवर झाडाची वर्षभराची बरीचशी वाढ उरकलेली असते आणि पुढच्या काही महिन्यांत ती पानं तशीही गळणारच असतात. त्यामुळे झाड मरत नाही. पुढच्या हंगामात नवी पालवी फुटते. असं जंगल वाळलं समजून तोडणं म्हणजे जिवंत झाडावर कुऱ्हाड चालवणं.

पण म्हणून पानं खाणारी प्रत्येक अळी निरुपद्रवी, हेही खरं नाही. हायब्लिया प्युएरा या दुसऱ्या पतंगाची अळी कोवळ्या पालवीवरच येते, म्हणजे झाडाला पानांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा. केरळच्या वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या सागलागवडीत काही वर्षं मोजमाप केलं. या अळीमुळे लाकडाची शक्य असलेली वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं; जाळी करणाऱ्या अळीने मात्र लक्षात येण्याजोगा फरक पडला नव्हता. दोन्हींत झाड जगतंच, पण हायब्लियाच्या तावडीत सापडलेल्या झाडाचा घेर हवा तितका वाढत नाही. जंगल डोळ्यांना सर्वांत भकास दिसतं तेव्हा नुकसान सर्वांत मोठं असेलच असं नाही, ते यामुळे.

अशा झाडाच्या लाकडातून कीड घरात येते, ही भीतीही निराधार आहे. पान खाणारी अळी लाकडात शिरतच नाही. चौकटीतून पीठ गळतं ते वेगळ्या भुंगेऱ्याचं काम. त्याला ओंडक्याच्या बाहेरच्या पांढुरक्या थरातला स्टार्च हवा असतो. आतलं पक्कं सागवान तो सहसा सोडून देतो.

खरा मारेकरी पाहायचा तर उत्तरेला मंडल्याकडे वळावं लागतं. तिथल्या सालवृक्षांच्या जंगलात १९२३ ते १९२८ या काळात खोडकिड्याने सुमारे ७० लाख झाडं मारली. तेव्हा मंडला मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंडला-दिंडोरी भागात हाच किडा पुन्हा उसळला आणि लाखो झाडं गेली. पहिल्या पावसाबरोबर याचे भुंगेरे बाहेर पडतात. मादी सालपटाच्या फटीत अंडी घालते, अळी आधी सालपटाखाली आणि मग थेट खोडात घुसते. बुंध्याशी साचलेला भुशाचा ढीग ही तिची खूण. या झाडाची पानं उशिरापर्यंत हिरवी दिसू शकतात, आणि घात होतो तो इथेच.

धडधाकट सालवृक्ष निमूट मरत नाही. तो राळ सोडून अळ्यांना बुडवून मारतो. म्हणून किडा आधी अशक्त, पडलेल्या, नुकत्याच तोडलेल्या झाडांवर वाढतो. संख्या बेसुमार झाली की मग निरोगी झाडांचीही राळ अपुरी पडते. म्हणजे पडलेलं खोड जंगलात राहू दिलं तर काय बिघडलं, हा विचार साथीच्या काळात महागात पडतो. उपायही किड्याच्या तोडलेल्या झाडांकडे येण्याच्या सवयीतूनच निघाला. पावसाळ्यात मोजकी झाडं पाडून, त्यांचे तुकडे करून सालपट ठेचतात. पाझरणाऱ्या रसावर भुंगेरे लांबून येतात, पिऊन सुस्त होतात आणि गावकरी त्यांना वेचून मारतात. हा किडा उद्या आपल्या सागावर येईल का? त्याचं खाद्य मुख्यतः सालवृक्षाच्या कुळातलं आहे आणि साग त्या कुळातला नाही.

जंगलभर औषध फवारा, ही मागणी मला सर्वांत घातक वाटते. त्या विषाने अळ्यांवर जगणारे पक्षी आणि गांधीलमाश्याही मरतात. निलांबूरच्या संशोधकांनी त्यापेक्षा शहाणा मार्ग शोधला: हायब्लियाच्या अळ्यांनाच होणारा विषाणूजन्य आजार त्यांच्याविरुद्ध वापरायचा.

कीड-रोग पसरण्याशी लाकूडबाजाराचा संबंध मात्र टाळता येत नाही. एल्म वृक्षांच्या बुरशीची घातक जात १९६० च्या दशकात कॅनडाहून ब्रिटनला पोहोचली ती सालपटासकट आलेल्या ओंडक्यांतून, आणि तिथले दोन कोटींहून अधिक एल्म मेले. असे धोके टाळण्यासाठी आज देशोदेशींच्या व्यापारात लाकडी खोकी आणि पॅलेट पाठवण्यापूर्वी सालपट काढलेलं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात किंवा त्याला धुरी देतात, आणि तसा शिक्का मारतात. परदेशी माल उतरवताना पॅकिंगच्या लाकडावर तो शिक्का आहे का, हे लकडगंजातल्या गोदामातही मिनिटभरात पाहता येतं.