उडालेले मैल आणि जमा झालेले मैल

मुंबईहून लंडनचे हवाई अंतर सुमारे ४,४८० मैल भरते. विमानाच्या एकाच रांगेत शेजारीशेजारी बसून हे अंतर कापणाऱ्या तीन प्रवाशांपैकी पहिल्याच्या खात्यावर ४,४८० मैल जमा व्हावेत, दुसऱ्याच्या खात्यावर १,१२० आणि तिसऱ्याच्या खात्यावर काहीच नाही, असे कोणी सांगितले तर नोंद करणाऱ्याच्या हातून चूक झाली असावी असेच वाटेल. वास्तविक हे तिन्ही हिशेब नियमानुसार अचूक असू शकतात. विमान कंपन्यांच्या ‘फ्रीक्वेंट फ्लायर’ अर्थात नित्यप्रवासी योजनांचा हा कारभार परदेशस्थ मुलानातवंडांकडे वर्षाआड जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना, तसेच कामानिमित्त सतत फिरतीवर असणाऱ्या अनेक ग्राहकांना आजवर कोड्यात टाकत आला आहे.

या योजनांचा जन्म अमेरिकेतला. १९७८ साली तेथे विमान कंपन्यांच्या भाड्यांवरील व मार्गांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला आणि कंपन्यांत चढाओढ सुरू झाली. ग्राहक टिकवून धरण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना आणली. युनायटेडनेही त्याच महिन्यात आपली योजना जाहीर केली. मोजमाप सोपे होते. जितके मैल प्रवास, तितके मैल खात्यावर जमा. पुरेसे साठले की एक तिकीट मोफत. (वैमानिक ज्या सागरी मैलात अंतर मोजतात तो १.८५२ किलोमीटरचा, प्रवाशाच्या खात्यावरचा मैल मात्र जमिनीवरचा, १.६०९ किलोमीटरचा. येथे प्रवाशाचा फायदाच आहे.)

या साध्या मोजमापात एक उणीव होती. सहा महिने आधी स्वस्तात तिकीट काढून दूरवर जाणाऱ्या पर्यटकाला भरपूर मैल मिळत. आदल्या दिवशी चौपट भाडे मोजून जवळच्या शहरी जाणाऱ्या व्यापाऱ्याला थोडेच. कंपनीच्या दृष्टीने अधिक मोलाचा ग्राहक दुसरा, पण बक्षीस पहिल्याला. केवळ मैल साठविण्यासाठी निष्कारण विमानप्रवास करणारे हौशी लोकही निघाले. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने तर १९९९ साली विमानात पाऊलही न ठेवता कमाल केली. एका खाद्यपदार्थ कंपनीने वेष्टनावरील संकेतपट्ट्यांच्या बदल्यात मैल देऊ केले होते. त्याने नियम बारकाईने वाचले, सर्वांत स्वस्त वस्तू हेरली आणि पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेऊन सुमारे साडेबारा लाख मैल पदरात पाडून घेतले. डब्यांवरची वेष्टने सोलण्याचे काम एका धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवकांनी केले व त्या बदल्यात पुडिंग संस्थेला मिळाले. नियमावली वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कंपन्यांनी यथावकाश मोजमापच बदलले. डेल्टाने जानेवारी २०१५ मध्ये, युनायटेडने मार्च २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने ऑगस्ट २०१६ मध्ये अंतराऐवजी खर्च हा निकष लावला. भारतात विस्ताराने २०१५ साली उड्डाणे सुरू केली. तिचे गुण तिकिटावरील खर्चानुसार मिळत. एअर इंडियाच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजनेने एप्रिल २०२४ पासून हीच वाट धरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्ताराचे एअर इंडियात विलीनीकरण होऊन सदस्य व त्यांचे गुण एकाच योजनेत वर्ग झाले. योजनेचे नाव आता ‘महाराजा क्लब’ असे आहे. इंडिगोने २००६ पासून अशा योजनेविना व्यवसाय केला. तिनेही २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ योजना जाहीर केली. नाव ‘मैल’ असो वा ‘गुण’, जमेचा आधार आता बहुतेक ठिकाणी रुपया वा डॉलर हा आहे.

येथे पहिला गोंधळ होतो. प्रवाशाने मोजलेली संपूर्ण रक्कम खर्च म्हणून धरली जात नाही. विमानतळ शुल्क, वस्तू व सेवा कर इत्यादी रकमा कंपनीच्या नसतात, त्यामुळे त्या वजा होतात. समजा, मुंबई-दिल्ली तिकीट ६,००० रुपयांचे असून त्यात १,२०० रुपये कर व शुल्के आहेत आणि योजनेचा दर १०० रुपयांस ६ गुण असा आहे. तर गुण ४,८०० रुपयांवर, म्हणजे २८८ मिळतील, ३६० नव्हे. वरच्या श्रेणीच्या सदस्याला याच तिकिटावर अधिक दराने गुण मिळतात, म्हणून दोन सहकाऱ्यांच्या खात्यांची तुलना बहुधा निरर्थक ठरते.

मग मैलांचे अंतर निकालात निघाले काय? तसे नाही, आणि खरी गुंतागुंत येथूनच सुरू होते. विमान कंपन्यांनी परस्परांशी युती केल्या आहेत. स्टार अलायन्स १९९७ साली स्थापन झाली, वनवर्ल्ड १९९९ साली, स्कायटीम २००० साली. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये दाखल झाली. त्यामुळे एअर इंडियाने प्रवास करून मैल सिंगापूर एअरलाइन्सच्या वा लुफ्तान्साच्या योजनेतील आपल्या खात्यावर घेता येतात. अशा भागीदारीतील प्रवासाची जमा बहुतांशी जुन्याच पद्धतीने, अंतरावर होते. मात्र अंतराला एका टक्केवारीने गुणले जाते आणि ती टक्केवारी तिकिटावरील एका अक्षरावर अवलंबून असते.

ई-तिकिटावर उड्डाण क्रमांकाच्या जवळ ‘वाय’, ‘एम’, ‘क्यू’, ‘के’ असे एखादे इंग्रजी अक्षर छापलेले असते. ते भाडेश्रेणीचे अक्षर होय. इकॉनॉमी, बिझनेस हे विमानातील कक्ष झाले. एकाच इकॉनॉमी कक्षातील आसने कंपनी दहा-बारा निरनिराळ्या भावांनी विकते व प्रत्येक भावाला स्वतंत्र अक्षर देते. आसन तेच, भोजन तेच, अक्षर वेगळे. प्रारंभीच्या तीन प्रवाशांचे कोडे येथे सुटते. तिघेही भागीदार कंपनीच्या योजनेचे सदस्य होते. पहिल्याच्या अक्षराला १०० टक्के मैल होते, दुसऱ्याच्या अक्षराला २५ टक्के. तिसरा सहल कंपनीबरोबर निघालेला होता आणि सामूहिक भाड्याच्या तिकिटांना बहुतेक योजना मैल देतच नाहीत. युरोपच्या सहलीहून परतल्यावर खात्यावर काही जमा का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

अक्षरांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. एका कंपनीच्या ‘क्यू’ला जी टक्केवारी, तीच दुसऱ्या कंपनीच्या ‘क्यू’ला असेल असे नाही. शिवाय एकाच उड्डाणाला एका योजनेत २५ टक्के, दुसऱ्या योजनेत ७५ टक्के आणि तिसऱ्या योजनेत शून्य, असेही घडू शकते. एका उड्डाणाचे मैल एकाच योजनेत घेता येतात व एकदा जमा झालेले मैल सहसा दुसरीकडे वळविता येत नाहीत. म्हणून कोणत्या योजनेत जमा करावयाचे, हा निर्णय तिकीट काढण्यापूर्वी तक्ते पाहून घ्यावयाचा असतो. विमानतळाच्या खिडकीशी घाईघाईने नव्हे. त्यातच तिकीट एका कंपनीच्या क्रमांकाचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे, असा ‘कोडशेअर’चा प्रकार असला म्हणजे पंचाईत वाढते. काही योजना विकणाऱ्या कंपनीचा क्रमांक प्रमाण मानतात, काही प्रत्यक्ष विमान चालविणाऱ्या कंपनीचा. तिकिटावर ‘ऑपरेटेड बाय’ असे शब्द दिसले की आपली योजना यांपैकी कोणता नियम पाळते ते पाहणे आवश्यक ठरते.

एवढे सारे जुळूनही मैल अडतात ते पुष्कळदा नावापाशी. मराठी कुटुंबांत स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी रीत आहे. पारपत्रात मधले नाव बहुधा पहिल्या नावालाच जोडून छापलेले असते. तिकिटावर दोन्ही सलग, मध्ये जागा न सोडता उमटतात. आणि योजनेचे सदस्यत्व घेताना अर्जात केवळ नाव व आडनाव, अथवा मधल्या नावाचे आद्याक्षर लिहिलेले असते. संगणक ही दोन माणसे समजतो. विवाहित महिलांच्या बाबतीत पारपत्र माहेरच्या नावाचे आणि सदस्यत्व सासरच्या, असा घोळही आढळतो. बँकेत खाते उघडताना नावाच्या एकेका अक्षराबद्दल अधिकारी आग्रही का असतात, याची कल्पना अशा वेळी यावी. सदस्यत्व पारपत्राबरहुकूम नावाने घ्यावे, हा यावरचा एकमेव खात्रीचा इलाज होय.

मैलांची बँकेतील ठेवीशी तुलना करण्याचा मोह होतो. जमाखर्चाच्या दृष्टीने त्यात तथ्यही आहे. भारतात एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड एएस ११५ या लेखामानकानुसार कंपनीने तिकिटाच्या रकमेतील काही भाग गुणांपोटी बाजूला काढून, ते वापरले जाईपर्यंत वा बाद होईपर्यंत देणे म्हणून दाखवावयाचा असतो. बँका आपल्या कार्डधारकांसाठी हे मैल रोख पैसे देऊन विकत घेतात. त्यांचे मोल किती, हे २०२० च्या महासाथीत दिसले. विमाने जमिनीवर असताना डेल्टाने आपली मैल योजना तारण ठेवून ९ अब्ज डॉलर उभे केले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने याच मार्गाने १० अब्ज डॉलर मिळविले.

परंतु साम्य येथेच संपते. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. मैलांना कोणतेही नाही, आणि दर बदलण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे राखून ठेवलेला असतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली आणि तिच्या सदस्यांचे साठलेले मैल निरुपयोगी झाले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिची योजना स्वतंत्र कंपनीच्या नावे होती, म्हणून सदस्यांचे मैल वाचले व पुढे ‘इंटरमाइल्स’ या नावाने चालू राहिले. कंपनी चालू असतानाही मुदतीचा प्रश्न राहतोच. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ योजनेत मैल ३ वर्षांनी बाद होतात. अन्य काही योजनांत ठरावीक काळात एखादा व्यवहार झाला की मुदत पुढे जाते. निवृत्तीनंतरच्या प्रवासासाठी म्हणून वीस वर्षे मैल साठविणे या हिशेबात बसत नाही.

प्रवासानंतर जमा न झालेल्या मैलांसाठी मागाहून दावा करता येतो. त्यास ई-तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक व बोर्डिंग पास लागतो आणि मुदत योजनेगणिक वेगळी असते. हल्ली बोर्डिंग पास मोबाइलवर मिळतो व प्रवास संपताच तो पडद्यावरून नाहीसा होऊ शकतो. त्याची प्रत आधीच जतन करावी. छापील पास असल्यास तो मैल खात्यावर दिसेपर्यंत पारपत्राच्या पाकिटातच राहू द्यावा.